गादीतली सुई

काम तसं किरकोळ होतं. एका म्हातारीला तिच्या घरी जाऊन सलाईन लावायचं आणि परत यायचं. अर्ध्या तासाची गोष्ट. डिसेंबरचा शेवटचा शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा. फोन आला तेव्हा आमचा नेमबाज पोरीला थोपटत पडला होता.

हसू नका रे. सगळं हॉस्पिटल त्याला नेमबाजच म्हणायचं. तो वॉर्डात ब्रदर, मी खाली लॅबमध्ये रक्त तपासायला. दोघांनी वीस वर्षं एकत्र चहा प्यायलाय, त्यामुळे मी सांगतोय ते ऐकीव नाही.

आणि तू कान देऊन ऐक गं. उद्यापासून तुझी वॉर्डात ड्यूटी ना? मघाशी जेवताना काय म्हणालीस? "इवलीशी तर सुई, टोचली तर टोचली." म्हणूनच आठवलं मला. बाकीच्यांना भीती वाटत असेल तर खुशाल आत जाऊन झोपा. मी काही कोणाला धरून ठेवलेलं नाही.

"कोण घाबरतंय, काका! सांगा तुम्ही."

बरं. मग तो बाहेरचा दिवा मालवा, किडे येताहेत.

नेमबाज हे नाव अशासाठी, की त्याचा हात चुकायचा नाही. दोन दिवसांचं पोर असो की नव्वदीचा म्हातारा, शीर दिसो न दिसो, हा बोटानं चाचपणार आणि पहिल्या टोचणीत आत. भल्याभल्या डॉक्टरांनी हात टेकले की ते त्याला हाक मारायचे. त्याला त्याचा माजही होता. थोडाथोडका नाही, चांगलाच.

एक खोड मात्र वाईट. सलाईन लावताना काय होतं, सुईबरोबर एक बारीक प्लास्टिकची नळी शिरेत जाते. नळी आत ठेवायची आणि सुई काढून घ्यायची. त्या वेळी एका हातानं शीर दाबून धरावी लागते, नाहीतर रक्ताची धार लागते. दुसऱ्या हातानं पट्टी चिकटवायची. मग हातातली सुई ठेवायची कुठे? नियम असा की सुयांचा डबा आधीच शेजारी घेऊन बसायचं. नेमबाज कशाला डबा घेऊन बसतोय! तो सुई सरळ गादीच्या कडेला खुपसून ठेवायचा, पट्टी लावायचा, मग उपटून डब्यात टाकायचा. मेट्रनबाईंनी एकदा सगळ्यांदेखत झाडलं त्याला. पुन्हा गादीत सुई दिसली तर घरी बसवीन म्हणाल्या. हा मान खाली घालून हसला. हेड ब्रदरच्या जागेसाठी त्याचं नाव गेलेलं होतं, म्हणून नुसता हसला.

आणि एका संध्याकाळी तो विसरला.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता. वाईट जातीची कावीळ, रक्तातून पसरणारी. नेमबाजानं त्याला सलाईन लावलं, सुई गादीत खुपसली, पट्टी लावतोय तोवर पलीकडचा पेशंट भडाभडा ओकायला लागला. हा तिकडे धावला. तासाभरानं ड्रायव्हरला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, खाट रिकामी झाली आणि मावशी चादर बदलायला आली.

आमच्या वॉर्डाची मावशी म्हणजे ठेंगणी, फटकळ, पण कामाला वाघीण. ओल्या फरशीवर पाय ठेवला तर सर्जनलाही मागे फिरवायची. तिनं चादर काढायला गादीच्या कडेखाली हात घातला, आणि सुई तळहातात गेली. खोल.

पुढचं बोलणं मला नेमबाजानंच सांगितलंय. शब्दन् शब्द. ती ह्याच्याकडे आली, हात पदराखाली झाकून.

"ब्रदर, सुई टोचली मला. त्या कोपऱ्यातल्या गादीत होती. मी गुपचूप डब्यात टाकली. म्हटलं, उगाच तुम्हाला बोलणी बसतील."

"कुठली सुई?"

"तुमचीच असणार. दुसरं कोण खुपसतंय गादीत?"

"हां, ती होय! ती नवीच होती. वापरलीच नव्हती."

"नक्की ना? माणूस पिवळाधमक होता हो तो."

"सांगतोय ना, नवीच होती. साबणानं धुऊन टाक. आणि हे कुठे बोलत बसू नकोस."

"मग बरं," म्हणाली मावशी, आणि गेली हात धुवायला.

आता तू शिकतेस म्हणून तुला ठाऊक असेल, ह्या बाकीच्यांसाठी सांगतो. त्या काविळीची लस असते. वॉर्डात सगळ्यांना दिलेली होती. सगळ्यांना म्हणजे कायम नोकरीवाल्यांना. मावशी कंत्राटावरची, तिला कोण विचारतंय! आणि लस नसली तरी एक इंजेक्शन असतं. सुई टोचल्यावर लगेच दिलं तर माणूस बहुतेक वाचतो. ते इंजेक्शन वॉर्डातल्याच फ्रिजमध्ये होतं. हा जिथे उभा राहून तिला नवीच होती म्हणाला ना, त्याच्या पाठीमागेच तो फ्रिज होता. नुसतं वळायचं होतं.

वळला नाही. वळला असता तर इंजेक्शन कशाला हवं ते सांगावं लागलं असतं, आणि मेट्रनबाई बसल्याच होत्या टपून.

पुढच्या महिन्यात हेड ब्रदरची ऑर्डर आली. मावशीनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

"शी!" 

शी काय? अजून काहीच ऐकलं नाहीस तू.

मावशीचे डोळे पिवळे झाले. आधी थकवा म्हणून अंगावर काढलं तिनं, मग एके दिवशी बादली उचलताना खालीच बसली. रक्त माझ्याकडे आलं. मी तपासलं. बघूनच समजलं की उशीर झालाय. तिला आमच्याच वॉर्डात ठेवलं, आणि खाट कोणती मिळाली? कोपऱ्यातलीच. दुसरी रिकामी नव्हती.

सलाईन लावायला शीर सापडेना, तेव्हा हेड ब्रदरना हाक मारली. आणि ज्याचा हात कधी चुकला नाही, त्याचा तिथे चुकला. एकदा, दोनदा, चारदा. तिचा हात निळा पडला. ती मात्र हूं की चूं करत नव्हती. उलट त्यालाच धीर देत होती. "टोचा हो तुम्ही. मला नाही दुखत." मग जरा वेळानं म्हणाली, "ब्रदर, ती सुई नवीच होती ना?"

"नवीच होती, मावशी."

"मग बरं. म्हणजे दुसऱ्याच कशानं तरी झालं."

पोरांनो, मरणाऱ्या बाईच्या तोंडावर असं खोटं बोलायला काळीज कसलं लागतं, मला माहीत नाही. मला तर आजही सांगताना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. तेव्हा मला हे ठाऊक असतं तर वाजवलीही असती.

शेवटच्या दोन दिवसांत तिला भान उरलं नाही. माणसं ओळखेना. फक्त उजवा हात चालू असायचा. गादीची कड चाचपायची. थांबायची. पुन्हा चाचपायची. सून विचारायची, "आई, काय शोधताय?" हात चालूच. गेली तेव्हाही हात गादीच्या कडेखालीच होता, तो काढून छातीवर ठेवायला सुनेला जोर लावावा लागला.

झालं. मावशी गेली, नवी मावशी आली. असंच असतं.

आता त्या शनिवारच्या रात्रीकडे या. मावशीला जाऊन वर्ष होत आलं होतं. नेमबाज फावल्या वेळात लोकांच्या घरी जाऊन सलाईन, इंजेक्शनं द्यायचा. नाक्यावरच्या डॉक्टरांचा फोन आला, की बाजारामागच्या गल्लीत चष्म्याच्या दुकानावर एक मास्तर राहतात, त्यांच्या आईला उलट्या होताहेत, सलाईन लावून ये. नेमबाजाला लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली एक मुलगी. तेव्हा तिसरं लागलेलं. बापाचा अंगठा मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. त्यानं हळूच अंगठा सोडवून घेतला. बायको म्हणाली, "सकाळी जा की." हा म्हणाला, "हा गेलो, हा आलो."

दुकान बंद. बाजूनं अरुंद जिना. मास्तरांनीच दार उघडलं. कानटोपी, अंगावर शाल, बिचारे घाबरलेले. आतल्या खोलीत ट्यूबलाईट, भिंतीला लावलेली खाट, त्यावर म्हातारी. तोंड भिंतीकडे. पांघरूण कानापर्यंत. एक हात तेवढा बाहेर. नेमबाजानं पडद्याच्या दांडीला सलाईनची बाटली टांगली आणि मास्तरांना म्हणाला, "जरा गरम पाणी करता? हात गार पडलाय यांचा, शेकला की शीर वर येईल." मास्तर स्वयंपाकघरात गेले.

हा एकटा.

दंडाला पट्टा बांधला. शीर टरारून वर आली. लहान मुलानंही लावलं असतं सलाईन, अशी शीर. ह्यानं सुई घातली. रक्त नाही. जरा मागे घेतली, पुन्हा घातली. शीर सरकली. दुसरी जागा. तीच तऱ्हा. तिसरी. ह्याला घाम फुटला, डिसेंबरात. म्हातारी हूं की चूं नाही.

"आजी, दुखतंय का?"

म्हातारीचं तोंड भिंतीकडेच.

चौथ्यांदा लागली. रक्त आलं. त्यानं नळी आत सरकवली, सुई बाहेर काढली, एका हातानं शीर दाबून धरली. आणि हातातली सुई...

"गादीत?"

गादीत. एक बाई मेली तरी खोड गेली नाही. 

पट्टी लावली. सलाईन सुरू केलं. थेंब पडायला लागले. मग सुई घ्यायला गादीच्या कडेला हात नेला.

सुई नाही.

वाकून बघितलं. जमिनीवर बघितलं. नाही. मग बोटांनी गादीची कड चाचपायला लागला. हळूहळू. उशाकडून पायथ्याकडे.

आणि त्याच्या लक्षात आलं... आणखी एक हात चाचपतोय.

म्हातारीचा दुसरा हात. पांघरुणाखालून आलेला. गादीच्या कडेनं. चाचपायचा. थांबायचा. पुन्हा चाचपायचा. पायथ्याकडून उशाकडे येत होता. ह्याच्या हाताच्या दिशेनं.

"आजी... मी शोधतो. तुम्ही हात आत घ्या."

हात थांबला नाही.

ह्यानं स्वतःचा हात मागे घ्यायचा ना? तो म्हणतो, घेता येईना. दाबलेलाही नव्हता कोणी. धरलेलाही नव्हता. नुसता... राहिला तिथेच.

तो हात जवळ आला. थांबला.

मग गादीच्या खालून टोचलं. वर. तळहातात. खोल.

ह्यानं ओरडून हात झटकला. सुई पडल्याचा आवाज नाही. काही नाही. तळहातावर एक टिपका, टिपक्यावर रक्ताचा थेंब. आणि भिंतीकडून आवाज आला. हळू. समजूत घातल्यासारखा.

"नवीच आहे, ब्रदर. धुऊन टाका."

...

"काका, पुढे?"

पाणी दे आधी.

मास्तर गरम पाणी घेऊन आले तेव्हा हा भिंतीला पाठ लावून उभा होता, पांढराफटक. मास्तरांनी विचारलं, "काय झालं? लागलं ना सलाईन?" हा म्हणाला, "तुमच्या आई काय म्हणाल्या ते ऐकलंत?" मास्तर म्हणाले, "आई कुठली बोलायला! झटका आल्यापासून दोन वर्षं वाचा गेलीय तिची. एक बाजूही गेलीय." कोणती बाजू, तर तीच. पांघरुणाखालच्या हाताची.

आणि त्यानं वापरलेली सुई त्याच्या सामानाच्या ट्रेमध्येच पडलेली होती. स्वतःच्या हातानं ठेवल्यासारखी, रक्ताचा ठिपका टोकाला. म्हणजे गादीत जी होती, ती त्याची नव्हतीच. मग कोणाची? कोणाच्या अंगातून निघालेली? 

हे समजून घ्या, सगळं त्यातच आहे. सुई टोचली की आपण पहिल्यांदा विचारतो, कोणाची? तो माणूस सापडला, त्याचं रक्त तपासलं, की जीव भांड्यात पडतो. ह्याला विचारायला माणूसच नव्हता. रविवारी उजाडताच तो माझ्या दारात. म्हातारीचं रक्त बाटलीत घेऊन आला होता, स्वतःचा दंड पुढे केला. दोन्ही स्वच्छ. मी सांगितलं तर म्हणाला, "म्हातारीचं स्वच्छ असून काय उपयोग? सुई तिची नव्हती." आणि मग ढसाढसा रडत मावशीचं सगळं सांगितलं. 

मी म्हटलं, "तुला लस तरी आहे. तिला तेवढीही नव्हती."

"तेवढा एकच रोग असतो का?" म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. त्याला तर सगळेच ठाऊक.

त्यानं सगळी औषधं घेतली. महिनाभर ओकत होता गोळ्यांनी. फ्रिजमधलं ते इंजेक्शनसुद्धा टोचून घेतलं, लस असून. डॉक्टर म्हणाले गरज नाही, तर पाया पडला त्यांच्या. पण नुसती औषधं घेऊन सुटका नसते. काही रोग रक्तात दिसायला महिने लागतात. तोवर वाट बघायची. त्यानं ताट वेगळं केलं, पेला वेगळा, टॉवेल वेगळा. स्वयंपाकघरात चटई टाकून झोपायचा, आतून कडी लावून. बायकोला सांगितलं, त्वचेचा आजार आहे. पोरगी दाराबाहेर बसून रडायची, "बाबा, अंगठा दे." हा आत तोंडात टॉवेल कोंबून पडायचा. शिवायला धजायचा नाही तिला. ताप आला तिला एकदा, तर हा लांबूनच बघत उभा.

दर दहा-पंधरा दिवसांनी माझ्याकडे यायचा. "नक्की ना? स्वच्छ आहे ना?" मी म्हणायचो, "स्वच्छ आहे." तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मी खरं बोलतोय की धीर देतोय, ते शोधायचा. ज्या शब्दानं त्यानं एक बाई मारली, त्या शब्दावर त्याचा विश्वासच उरला नव्हता. दुसऱ्या लॅबमध्ये जायचा. तिसऱ्या. सगळीकडे स्वच्छ. हॉस्पिटलात सुई हातात धरवेना. नेमबाज म्हणे! रजेवर पाठवलं त्याला.

सहा महिने झाले. शेवटची तपासणी मोठ्या डॉक्टरांसमोर झाली. डॉक्टर म्हणाले, "संपला विषय. आता धोका नाही. जा, पोरीला उचलून घे." आणि पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला. माझ्यासमोर हसला. येताना त्यानं पोरीसाठी फुगे घेतले.

त्या रात्री सहा महिन्यांनी तो आपल्या खाटेवर झोपला. झोपण्याआधी चादर काढून सगळी गादी हातानं चाचपली, वरून, खालून, कडेनं. काही नाही. मग पोरीला कुशीत घेतलं. तिनं अंगठा मुठीत धरला आणि लगेच झोपली. बायको रडली म्हणे, आनंदानं.

मध्यरात्र उलटली.

"बाबा..."

"काय गं?"

"टोचलं."

ह्यानं दिवा लावला. पोर उठून बसली होती. अंगठा सुटलेला. मूठ मिटलेली. त्यानं एकेक बोट उघडलं.

तळहातावर टिपका. टिपक्यावर थेंब.

बायको उठली तेव्हा हा गादी फाडत होता. हातानं, दातानं. घरभर कापूस. कापसाचा पुंजकान् पुंजका पिंजून बघितला दोघांनी, उजाडेपर्यंत. खाट उलटी केली. फरशीवर चुंबक फिरवलं. सुई नाही. सुईचा तुकडा नाही. बायकोला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. पोरीचा हात धुऊन, फुंकर घालत, तिनं सहज विचारलं, जशी कोणतीही आई विचारेल.

"तुमच्या बॅगेतली पडली असेल एखादी. पण नवीच असेल ना हो?"

...

त्यानं काय उत्तर दिलं, ते मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानं सांगितलंही नाही.

"आणि मुलगी, काका? तिला काही...?"

ती आता पाच वर्षांची आहे. शाळेत जाते, झाडावर चढते, चांगली दांडगट आहे. दर महिन्याला तो तिला माझ्याकडे घेऊन येतो, घरच्या ह्या लहानशा लॅबमध्ये, आणि मी तिचं रक्त तपासतो. स्वच्छ. दर वेळी स्वच्छ. तो माझ्या तोंडाकडे बघतो आणि पुढच्या महिन्याची तारीख मागतो.

परवाच येऊन गेले. दंडातून रक्त घेताना मी पोरीला म्हटलं, मूठ आवळ बाळा. झाल्यावर म्हटलं, सोड आता. तिनं तळहात उघडला. टिपका अजून आहे. अडीच वर्षं होऊन गेली, खपली नाही, वण नाही. मी बघत असतानाच त्यावर हळूहळू एक थेंब जमला.